अनुवादाबाहेर राहिलेले अर्धे पुस्तक : सोव्हिएत चित्रपुस्तके आणि भारतीय वाचकाची हुरहुर

‘नॉस्टॅल्जिया’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने ‘स्मरणरंजन’ हा शब्द स्वीकारला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. शब्द सुटसुटीत आहे. परंतु मूळ संज्ञेतील एक महत्त्वाचा अंश त्याने गाळला आहे. योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बासेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात ही संज्ञा घडवली, ती ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. होफरच्या लेखी हा घरापासून दूर गेलेल्या माणसांना जडणारा आजार होता. मराठी शब्दात स्मरण आहे, रंजनही आहे. वेदना मात्र नाही. त्यामुळे बालपणी जिव्हाळ्याने पाहिलेल्या चित्रपुस्तकांविषयी प्रौढ वयातही जे वाटत राहते, त्याला स्मरणरंजन म्हणावे काय, हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. असे एखादे पुस्तक वीस-तीस वर्षांनी रद्दीच्या दुकानात अचानक हाती लागते, तेव्हा वाचकाला होतो तो निव्वळ आनंद नसतो. त्या अवस्थेसाठी मराठीत ‘हुरहुर’ हा साधा, घरगुती शब्द आहे आणि येथे तोच अधिक नेमका वाटतो.

या हुरहुरीचा विचार करण्यासाठी भारतापुरते बोलायचे तर सोव्हिएत संघातून आलेल्या चित्रपुस्तकांइतके उद्बोधक उदाहरण दुसरे नाही. परदेशी भाषांतील प्रकाशनांसाठी मॉस्कोत १९३१ पासून जी संस्था कार्यरत होती, तिला १९६३ मध्ये ‘प्रोग्रेस’ हे नाव मिळाले. १९८२ मध्ये तिच्यातील ललित व बालसाहित्याचा विभाग वेगळा होऊन ‘रादुगा’ ही स्वतंत्र संस्था झाली. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. या संस्थांनी हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, मराठी इत्यादी भाषांतील पुस्तके मॉस्कोतच अनुवादित करवून घेऊन छापली. त्यासाठी भारतीय अनुवादक तेथे जाऊन राहिले. भीष्म साहनी १९५७ ते १९६३ या काळात मॉस्कोत हिंदी अनुवादाचे काम करीत होते. मदनलाल मधु यांनी पुढे दीर्घकाळ ते केले. बंगालीसाठी ननी भौमिक, मल्याळमसाठी ओमना व के. गोपालकृष्णन हे दांपत्य, मराठीसाठी अनिल हवालदार अशी नावे या संदर्भात घ्यावी लागतात. पुस्तके भारतात आली की दिल्लीत पीपल्स पब्लिशिंग हाऊस, मुंबईत लोकवाङ्मय गृह, कोलकात्यात मनीषा ग्रंथालय, चेन्नईत न्यू सेंच्युरी बुक हाऊस, केरळात प्रभात बुक हाऊस अशा संस्थांमार्फत ती वाचकांपर्यंत पोहोचत. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा पुरवठा आटला. म्हणजे ज्या पिढीने ही पुस्तके लहानपणी हाताळली, तिच्या डोळ्यांदेखत ती पुस्तकेच नव्हेत, तर ती पाठवणारा देशही नकाशावरून नाहीसा झाला.

या पुस्तकांच्या लोकप्रियतेची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. ती अतिशय स्वस्त होती, हे पहिले. भारतीय भाषांतील रंगीत बालपुस्तकांची तेव्हाची वानवा पाहता ते खरेच आहे. पण स्वस्ताई खरेदीचे कारण सांगते, चाळीस वर्षे टिकलेल्या ओढीचे नव्हे. दुसरे कारण विचारसरणीचे. डाव्या चळवळीशी संबंधित घरांत ही पुस्तके आवर्जून आणली जात, हेही खरे. परंतु त्या चळवळीशी कसलाही संबंध नसलेल्या, किंबहुना तिच्या विरोधात असलेल्या घरांतील मुलांनाही ती तितकीच प्रिय झाली. कारण कोठेतरी पुस्तकाच्या घडणीतच शोधले पाहिजे.

चित्रपुस्तक आणि सचित्र पुस्तक या दोन भिन्न गोष्टी आहेत. सचित्र पुस्तकात शब्द स्वयंपूर्ण असतात. चित्रे काढून टाकली तरी कथा उभी राहते. चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र दोन्ही अपुरे असतात, आणि अर्थ त्यांच्या मधल्या जागेत घडतो. पेरी नोडलमन यांनी १९८८ मध्ये आणि मारिया निकोलायेवा व कॅरोल स्कॉट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या नात्याची तपशीलवार चर्चा केली आहे. ती बहुतांशी एका भाषेत जन्मलेल्या आणि त्याच भाषेत वाचल्या गेलेल्या पुस्तकांना धरून आहे. असे पुस्तक भाषांतरित झाले की नेमके काय घडते? दोन संहितांपैकी एक पूर्णपणे बदलते, दुसरी जशीच्या तशी राहते. कादंबरीच्या अनुवादात मूळ संहिता वाचकाच्या नजरेआड जाते. चित्रपुस्तकाच्या अनुवादात मूळ संहितेचा अर्धा भाग प्रत्येक पानावर, अनुवादाच्या शेजारी, उघडा असतो. मुद्रणाचे तंत्रही याला अनुकूल आहे. अनेक भाषांत एकाच वेळी निघणाऱ्या चित्रपुस्तकांत रंगांचे छापप्रतल सर्व भाषांसाठी एकच ठेवून केवळ काळ्या अक्षरांचे प्रतल बदलण्याची रीत सर्वत्र आहे. चित्रकाराने मूळ भाषेतील ओळींसाठी जेवढी जागा सोडली असेल, तेवढ्यातच अनुवादाला बसावे लागते. अनुवादक येथे घरमालक नसून भाडेकरू असतो.

परिणामी भारतीय बालवाचकाच्या वाट्याला एक विलक्षण स्थिती आली. त्याचे कान घरात होते आणि डोळे परदेशात. या स्थितीचा परिणाम एका अगदी सामान्य शब्दावर तपासून पाहता येईल.

‘बर्फ’ हा तो शब्द. आकाशातून भुरभुरणारे, कापसासारखे मऊ हिम आणि पाणी गोठून झालेला टणक बर्फ यांसाठी रशियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीतही आहेत. मराठी बोलीत दोहोंसाठी ‘बर्फ’ हाच एक शब्द. ‘हिम’ हा संस्कृतातून आलेला शब्द पुस्तकी, लहान मुलाला परका. शिवाय कोल्हापूर-सोलापूरच्या मुलाला बर्फ ठाऊक होता तो लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लादीच्या रूपात, किंवा गोळेवाल्याच्या गाडीवर रंध्याखाली किसला जाणारा. हा बर्फ उन्हाळ्याचा, जत्रेचा, सरबताचा. आता त्या मुलासमोर एक पान उघडले जाते. त्यावर छपरांवर साचलेला, झाडांच्या फांद्या वाकवणारा, पावलांचे ठसे उमटवून घेणारा पांढरा पसारा आहे, आणि वाचून दाखवणारी आई म्हणते, बर्फ पडला. अनुवादक कितीही कुशल असला तरी त्याच्या हाती याहून वेगळा शब्द नव्हता. शब्द तोच राहिला आणि चित्राने त्याचा अर्थ रुंदावला. त्या मुलाच्या मराठीत ‘बर्फ’ या शब्दाला एक नवी, न अनुभवलेली ऋतूची बाजू मिळाली. ती शब्दकोशातून आली नाही आणि प्रवासातूनही नाही. पुढे प्रौढ वयात हा वाचक कधी हिमाचलात किंवा परदेशात प्रत्यक्ष बर्फ पाहतो, तेव्हा त्याला ते पूर्वी पाहिल्यासारखे वाटते. त्याच्या मातृभाषेतील एका शब्दाचा मोठा हिस्सा मॉस्कोत किंवा लेनिनग्राडमध्ये काढलेल्या चित्रांनी व्यापलेला असतो, हे मात्र त्याला सहसा माहीत नसते.

हाच व्यवहार अधिक नाट्यमय रीतीने दिसतो तो ‘रुकाविच्का’ या युक्रेनी लोककथेत. येवगेनी राचेव (१९०६–१९९७) यांनी चितारलेले तिचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले आणि सोव्हिएत चित्रपुस्तकांपैकी जगभर सर्वाधिक पसरलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. कथा साखळीच्या वळणाची आहे. कडाक्याच्या थंडीत रानातून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याचा हातमोजा वाटेत पडतो. त्यात प्रथम एक उंदीर शिरतो. मग बेडूक, ससा, कोल्ही, लांडगा, रानडुक्कर आणि सरतेशेवटी अस्वल. प्रत्येक जण बाहेरून विचारतो, आत कोण आहे. आतले आपापली नावे सांगतात आणि नव्याला जागा देतात. म्हाताऱ्याचा कुत्रा मोजा शोधत परत येतो, भुंकतो, आणि सारे पळून जातात.

ही कथा कोणत्याही भारतीय भाषेत सांगू लागले की पहिली अडचण शीर्षकातच येते. येथे अभिप्रेत असलेला मोजा बोटांविना, पिशवीसारखा पोकळ असतो. मराठीत हातमोजा म्हटले की पाच बोटांचा मोजा डोळ्यांपुढे येतो. त्यात सात प्राण्यांचे घर वसवणे कल्पनेलाही जड जाते. हिंदीतील दस्तान्याची स्थिती निराळी नाही. शब्दाने घातलेला हा घोटाळा चित्र एका क्षणात सोडवते. पण राचेव एवढ्यावर थांबत नाहीत. पाने उलटत जावीत तसतसा हातमोजा बदलत जातो: कोठे शिडी लागते, कोठे खिडकी निघते, पुढे धुराडेही दिसते. संहितेत यातील एकाही वस्तूचा उल्लेख नाही. घर कोणी बांधले, केव्हा बांधले, हे कोणीही सांगत नाही. ते पान उलटण्याच्या मधल्या क्षणात बांधले जाते. वाचणारा मोठा माणूस शब्दांच्या मागे असतो, त्याच्या हे लक्षात येत नाही. अक्षरे न येणाऱ्या मुलाच्या मात्र येते. चित्रपुस्तकात निरक्षर वाचकाला साक्षर वाचकापेक्षा अधिक दिसते, आणि आपल्याला अधिक दिसले ही जाणीव त्या मुलाच्या पुस्तकावरील मालकीची पहिली खूण असते. बालपणीच्या पुस्तकाविषयी प्रौढ माणूस इतक्या हट्टाने ‘माझे पुस्तक’ असे का म्हणतो, याचे एक उत्तर येथे मिळू शकेल.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दार ठोठावणारा आणि आत असणारा ही रचना त्याला पाळण्यापासून ठाऊक असते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरात राहणाऱ्या चिमणीच्या दाराशी येतो आणि ती एकामागून एक सबबी सांगत दार उघडणे लांबवते, ही मराठी घरांतील बहुधा सर्वांत पहिली कथा. तिच्या रूढ रूपांत अखेर दार उघडते तेही कावळ्याला फारसे लाभत नाही. ती कथा कानांत घेऊन बसलेल्या मुलासमोर जेव्हा दार उघडत राहणारी कथा येते, जागा नाही हे उघड दिसत असताना अस्वलालाही आत घेणारी, तेव्हा त्याला परके काही भेटत नाही. ओळखीच्या कथेचा वेगळा शेवट भेटतो. प्रभाव आणि साम्य या तौलनिक अभ्यासातील जुन्या जोडीपैकी कोणतेच पद येथे पुरत नाही. लोककथांच्या सूचीत या दोन कथा शेजारी बसणार नाहीत. वाचकाच्या मनात मात्र त्या एकमेकींना उत्तर देत राहतात.

जपानमध्ये हेच पुस्तक उचिदा रिसाको यांच्या अनुवादाने ‘तेबुकुरो’ या नावाने १९६५ मध्ये फुकुइन्कान शोतेन या संस्थेने प्रसिद्ध केले आणि ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ‘तेबुकुरो’ हा शब्दही बोटांचा आणि बिनबोटांचा असा भेद करीत नाही. जपानी आणि भारतीय अभ्यासकांनी या एका पुस्तकाच्या वाचनानुभवाची तुलना करायला हरकत नाही. अद्याप तसे झाल्याचे दिसत नाही.

या चित्रांना स्वतःचाही एक इतिहास आहे, आणि तो पानांवर दिसतो तितका निरागस नाही. १९२०च्या दशकात लेनिनग्राडमध्ये कवी सामुईल मार्शाक व चित्रकार व्लादिमीर लेबेदेव यांनी मिळून चित्रपुस्तकाचे नवे शास्त्रच मांडले. १९२५ मधील त्यांची ‘सर्कस’ आणि ‘आइस्क्रीम’ ही पुस्तके आजही आधुनिक वाटतात. वॉल्टर बेंजामिन डिसेंबर १९२६ मध्ये मॉस्कोला गेला, तेव्हा राजकारणाइतकाच तो तेथील खेळण्यांच्या आणि बालपुस्तकांच्या मागे होता. पण १९२८ मध्ये ‘प्रावदा’त क्रूप्स्काया यांनी चुकोव्स्कींच्या ‘मगर’ या काव्यकथेवर जाहीर टीका केली, आणि मार्च १९३६ मध्ये त्याच वृत्तपत्राने बालपुस्तकांच्या चित्रकारांना, त्यांत प्रामुख्याने लेबेदेवला, चितारणारे नव्हे तर बरबटणारे ठरवले. त्यानंतरची लेबेदेवची चित्रे पूर्वीच्या धिटाईची राहिली नाहीत. युरी वास्नेत्सोव (१९००–१९७३) यांची १९३५ मधील ‘तीन अस्वले’ या उलथापालथीच्या तोंडावर आलेली. उत्तरकाळात इल्या कबाकोव यांच्यासारख्या चित्रकाराने तीसेक वर्षे बालपुस्तकांच्या चित्रांवर उपजीविका केली आणि ज्या कलाकृतींमुळे तो पुढे जगप्रसिद्ध झाला, त्या घरात लपवल्यासारख्या ठेवल्या. बालपुस्तक हा अनेकांसाठी आसरा होता. त्या हातमोज्यात प्राण्यांखेरीज आणखीही कोणी दडले होते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरणेच बरे, कारण राचेव यांच्या बाबतीत तसा पुरावा देता येणार नाही.

‘तीन अस्वले’चा आणखी एक विशेष तौलनिक अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. ती मुळात इंग्रजी कथा. रॉबर्ट साउदी यांनी १८३७ मध्ये छापलेली. लिओ टॉलस्टॉय यांनी १८७०च्या दशकात मुलांच्या वाचनपाठांसाठी ती रशियनमध्ये आणली, अस्वलांना अस्सल रशियन नावे दिली, आणि ती इतकी मुरली की भारतात ती रशियन कथा म्हणूनच पोहोचली. चुकोव्स्कींचा डॉक्टर आयबोलित ह्यू लॉफ्टिंगच्या डॉक्टर डूलिटलचा वारस. अलेक्सेई टॉलस्टॉय यांचा बुरातिनो (१९३६) हा इटालियन पिनोकिओचा. मराठी किंवा मल्याळी मुलाने ज्याला रशियाचे अस्सल धन मानले, त्यातील बरेचसे आधीच एकदा सीमा ओलांडून आलेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वरील विवेचनावरून असे वाटेल की टिकणारी ओढ चित्रांची आहे. शब्द बदलले, चित्रे राहिली, म्हणून आठवणही चित्रांचीच. प्रौढ वाचकांच्या आठवणींचे स्वरूप वरवर या समजाला पुष्टी देते. लेखकाचे नाव त्यांना सहसा सांगता येत नाही, अनुवादकाचे त्याहून नाही. पण कोणत्या पानावर कोल्हीचा झगा कोणत्या रंगाचा होता, हे ते सांगतात. तरीही एक साधी वस्तुस्थिती या समजाच्या आड येते. बंगालीत, मल्याळममध्ये, हिंदीत, मराठीत हौशी संग्राहकांनी गेल्या काही वर्षांत या पुस्तकांच्या डिजिटल प्रती जमवल्या. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या प्रयत्नांमुळेही अनेक पुस्तके सर्वांना खुली झाली. आज एखाद्या पुस्तकाची रशियन किंवा इंग्रजी आवृत्ती शोधणे तुलनेने सोपे आहे. चित्रे तीच, रंगही तेच. पण ज्याने ते पुस्तक मराठीत ऐकले, त्याचे त्या आवृत्तीने समाधान होत नाही. तो मराठी प्रतच शोधत राहतो. बंगाली वाचक बंगाली. ओढ केवळ चित्रांची असती, तर हा शोध निरर्थक ठरला असता.

चित्रपुस्तक मूल एकटे वाचत नाही. कोणीतरी वाचून दाखवते आणि मूल पाहते. आई, आजोबा, शाळेतून आलेली मोठी बहीण यांच्या आवाजात ते मराठी वाक्य अनेकदा, त्याच लयीत, त्याच ठिकाणी थांबत, ऐकलेले असते. मुलाला पुढचे वाक्य पाठ असते आणि वाचणाऱ्याने एक शब्द गाळला तरी ते अडवते. अनुवादकाचे वाक्य अशा रीतीने घरातील माणसाच्या आवाजात जमा होते. चाळीस वर्षांनी ते पुस्तक परत मिळते, तेव्हा चित्र अबाधित परत येते. वाक्यही छापलेले असते. आवाज मात्र येत नाही. पुष्कळदा तो आवाज असलेले माणूसही राहिलेले नसते. पुस्तकाचे जे अर्धे अंग परके होते, ते टिकले. जे अंग सर्वांत आपले होते, ते गेले. रंजनाच्या जोडीने येणारी वेदना येथून येते, आणि दुसऱ्या भाषेतील आवृत्ती का पुरत नाही, हेही यावरून उलगडते. त्या आवृत्तीत हरवलेल्या आवाजासाठी राखलेली जागाच नसते.

भारतीय काव्यशास्त्राला हा अनुभव अनोळखी नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत व्याकुळ होतो. प्रिय व्यक्तीचा विरह त्याला ठाऊक नाही, तरी मन बेचैन होते, आणि जन्मांतरीच्या जिव्हाळ्याची नकळत आठवण होत असावी, असा तर्क तो करतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत या स्थळाचा उल्लेख केला तो नेमक्या याच कारणासाठी: हे नैयायिकांचे स्मरण नव्हे, कारण येथे पूर्वी जाणलेली कोणतीही निश्चित वस्तू मनापुढे नसते. संस्कार असतो, विषय नसतो. अक्षरओळखीपूर्वी पाहिलेल्या पुस्तकांची ओढ बरीचशी या जातीची आहे. लेखक, देश, शीर्षक यांपैकी काहीच जाणलेले नव्हते. म्हणून आठवण्याजोगे काही नाही, आणि तरीही संस्कार पक्का. भेद इतकाच की दुष्यंताच्या जन्मांतराचा पत्ता लागत नाही, या पुस्तकांचा कधीकधी लागतो.

पत्ता लागला म्हणजे प्रश्न संपतो असे मात्र नाही. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात गेलेले घर पुन्हा उभारू पाहणारी ओढ आणि गमावलेपणावर चिंतन करीत राहणारी ओढ असा भेद केला आहे. पहिलीत धोका असतो. भारतीय वाचकांच्या सोव्हिएत पुस्तकांवरील प्रेमातही तो नाही असे नाही. या वाचकांनी सर्व पुस्तकांना सरसकट ‘रशियन’ म्हटले. युक्रेनी, जॉर्जियन, उझबेक, तातार कथा त्या एका विशेषणाखाली विरघळल्या. ‘तेबुकुरो’च्या जपानी आवृत्तीवर ‘युक्रेनी लोककथा’ असे स्पष्ट छापलेले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर हा भेद केवळ लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा राहिला नाही. ज्या बर्फात तो हातमोजा पडला, ती भूमी कोणाची, हा प्रश्न बालपणीच्या पुस्तकालाही आता विचारला जातो. आपली सर्वांत निष्पाप आठवण एका राज्यसंस्थेने घडवलेल्या नावाखाली साठवली गेली होती, हे मान्य करणे प्रेमळ वाचकाला जड जाते. प्रेम खोटे ठरत नाही. त्याची कक्षा मात्र तपासावी लागते.

भारतातही एक चित्र, अनेक भाषा ही पद्धती परकी नव्हती. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेने तीच अवलंबिली. मराठीत तर माधुरी पुरंदरे यांनी शब्द आणि चित्र एकाच हाताने घडवून, मराठी घरातील ओटा, जिना आणि शेजार चित्रात आणून, कान आणि डोळे पुन्हा एका घरात बसवले. त्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलांची हुरहुर वेगळ्या घडणीची असेल. ती मुले आता कोठे मोठी होत आहेत.

साहित्य एक, भाषा अनेक, ही भारतीय साहित्याविषयीची भूमिका साहित्य अकादमीच्या स्थापनेपासून मांडली गेली आहे. तिच्या समर्थनार्थ भक्तिकाव्य, महाकाव्ये, स्वातंत्र्यकाळ यांचे दाखले दिले जातात. १९६० ते १९९० या तीन दशकांत त्रिशूर, कोलकाता, विजयवाडा आणि नागपूर येथील मुलांनी एकाच चित्राकडे पाहत चार भाषांतील वाक्ये ऐकली, हा दाखला त्या यादीत कोणी जोडलेला नाही. जोडायचा तर साधने हवीत, आणि तेथेच खरी अडचण आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक चार ग्रंथालयांना देणे बंधनकारक झाले, आणि राष्ट्रीय ग्रंथसूची त्या प्रतींवर आधारलेली आहे. मॉस्कोत प्रकाशित झालेल्या मराठी किंवा तेलुगू पुस्तकाला ही सक्ती लागू नव्हती. भारतीय भाषेतील, भारतीय अनुवादकाचे, भारतीय मुलांनी वाचलेले पुस्तक कायद्याच्या दृष्टीने परदेशी ठरले. सार्वजनिक वाचनालयांत जी पुस्तके पोहोचली, ती मुलांच्या हाती फाटली आणि जीर्ण म्हणून काढून टाकली गेली; जितके पुस्तक लाडके, तितकी त्याची प्रत उरण्याची शक्यता कमी. जेथे नोंद आहे, तेथेही ती लेखक आणि अनुवादक यांच्या नावे असते. चित्रकारासाठी नोंदपत्रावर रकाना नसतो, म्हणून राचेव किंवा वास्नेत्सोव यांच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उरलेल्या प्रती आज आहेत त्या खाजगी कपाटांत, पहिल्या पानावर वाढदिवसाची तारीख आणि देणाऱ्याची सही असलेल्या, कडेला पेन्सिलीने गिरवलेल्या. ग्रंथपाल अशा खुणांना प्रतीचा दोष मानतात.